दहा सेंटिमीटरचं गाव

नव्या मॅग्नेट्रॉनला घाई चालत नाही. खोक्यातून काढला, बसवला आणि लगेच हाय टेन्शन दिलं, तर आत ठिणग्या उडतात आणि महागाचा माल बघता बघता मरतो. वर्षभर कपाटात पडून राहिलेला असेल तर आणखीच नाजूक. आधी सेट स्टँडबायवर ठेवून नुसतं फिलामेंट तापू द्यायचं. मग सगळ्यात छोट्या पल्ल्यावर, शॉर्ट पल्सवर थोडा वेळ चालवायचा, आणि मगच मोठा पल्ला लावायचा. वर कॅप्टन येरझाऱ्या घालत असतो, पायलट चढायची वेळ झालेली असते, एजंटचा फोन तीनदा येऊन जातो, तरी थांबायचं. हातातलं घड्याळ काढून खिशात. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर लांब, पितळी जवळ. त्याचा लोहचुंबक इतका जोरकस असतो की साधा पाना त्याला खाडकन चिकटतो, आणि असं चारदा झालं की चुंबकाचा दम कमी होतो. मुंबई बंदरात आणि न्हावाशेव्याला जहाजांच्या रडारवर काम करण्यात माझं आयुष्य गेलं. त्यातला बराचसा काळ एक तर डोलकाठीवर, म्हणजे मास्टवर चढलेला, नाहीतर ब्रिजवर कॅबिनेट उघडून गुडघ्यांवर बसलेला. निवृत्त झालो तेव्हा गुडघ्यांनी माझ्या आधी राजीनामा दिला होता.

मॅग्नेट्रॉन, म्हणजे रडारच्या लहरी उठवणारा हा तांब्याचा ठोकळा, कुठून आला, हे मला ठाऊक होतं. मॅन्युअलच्या पहिल्या पानावर नसतं ते, पण कामात रस असला की माणूस शोधून काढतो. बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन रँडल आणि हॅरी बूट या दोघांनी १९४० च्या फेब्रुवारीत तांब्याच्या जाड चकतीत गोल पोकळ्या पाडल्या, मधोमध तापणारी तार ठेवली, बाहेरून चुंबकाचं क्षेत्र लावलं. तारेतून सुटलेले इलेक्ट्रॉन सरळ बाहेर जाण्याऐवजी गोल फिरू लागले आणि पोकळ्यांच्या तोंडावरून जाताना त्यांनी रेडिओलहरी उठवल्या. लहर सुमारे दहा सेंटिमीटर लांबीची, आणि त्या लांबीला तोवर कुणाला मिळाली नव्हती एवढी ताकद. त्याआधीच्या रडारच्या लहरी मीटरात मोजाव्या लागत. त्यांना अँटेनाही मोठाले लागत आणि दिसायचंही भोंगळ. लहर आखूड झाली तशी थाळी विमानाच्या नाकात मावायला लागली.

माझी भाची वुस्टरच्या रुग्णालयात नर्स आहे. तिच्याकडे गेलो असताना मी बर्मिंगहॅमला जाऊ म्हणत होतो. तिनं उलट्या दिशेची गाडी सुचवली. "मामा, बर्मिंगहॅमला तू बघणार काय, मॉल आणि कालवे? इकडे जवळच मॉल्व्हर्न आहे. तुझं ते रडार तिथेच झालंय म्हणे." तिच्या वॉर्डातल्या कुणीतरी तिला एक घडीचं पत्रक दिलं होतं: गावातल्या युद्धकाळातल्या विज्ञानाच्या खुणा, सोपी पायी फेरी. सोपी या शब्दाखाली तिनं पेनानं रेघ मारून ठेवली होती, माझ्या गुडघ्यांसाठी.

गाडीत मी तिला आधीची हकीकत सांगत गेलो. ब्रिटिश हवाई दलासाठी रडार बनवणारी संस्था, जिचं नाव पुढे टेलिकम्युनिकेशन्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट म्हणजे टीआरई झालं, ती युद्धाच्या सुरुवातीला समुद्रकाठीच होती. १९४० पासून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, स्वॉनिजजवळ. समोर खाडी आणि पलीकडे जर्मनांनी घेतलेलं फ्रान्स. १९४२ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश छत्रीधारी सैनिक एका रात्री फ्रान्समधल्या ब्रूनेव्हालला उतरले आणि तिथल्या जर्मन रडारचे भाग उचकटून घेऊन आले. उत्तम काम झालं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हेच जर्मनांनी आपल्यावर केलं तर? किनाऱ्यावर बसलेले आपले लोक एका रात्रीत उचलून नेले तर? पुढच्या पौर्णिमेच्या आत हलवा, असा तगादा लागला आणि मे १९४२ मध्ये सगळं बिऱ्हाड देशाच्या मध्यावर, डोंगराच्या कुशीत मॉल्व्हर्नला आलं.

ग्रेट मॉल्व्हर्नचं स्टेशन बघून भाची आधी फोटोच काढत बसली. व्हिक्टोरियाच्या काळातलं; फलाटावरच्या छपराला बिडाचे खांब आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर पानाफुलांचे रंगवलेले गुच्छ. युद्धात सामानाच्या पेट्या, ऑसिलोस्कोप, थाळ्या घेऊन आलेल्या लोकांनी मान वर करून हे पाहिलं असेल का, माहीत नाही. मी असतो तर पेट्या मोजत बसलो असतो.

गाव आपल्या पाचगणीच्या जातीचं. डोंगरउतार, थंड हवा, जुनी बोर्डिंग स्कुलं, आणि पाण्याला औषधी म्हणून मिळालेली कीर्ती. १८४२ पासून इथे दोन डॉक्टरांनी जलोपचार सुरू केले. ओल्या चादरीत गुंडाळणं, पहाटे थंड पाण्याच्या धारा, डोंगरावरच्या झऱ्यापर्यंत चढण. चार्ल्स डार्विन स्वतः हे उपचार घेऊन गेले आणि पुढे आपल्या लेकीला, ॲनीला, घेऊन आले. ती १८५१ मध्ये इथेच गेली, दहा वर्षांची. प्रायरी चर्चच्या आवारात तिची कबर आहे. हे आमच्या पत्रकात नव्हतं, त्याचा युद्धाशी संबंध नाही. पण भाची मुलांच्या वॉर्डात काम करते. ती तिथे थांबली आणि मग मीही थांबलो.

प्रायरीपासून वर बेल व्ह्यू टेरेसपर्यंतचा रस्ता ज्याने सोपा ठरवला तो माणूस तिशीच्या आतला असणार. वर चढून गेल्यावर संगीतकार एडवर्ड एल्गार यांचा पुतळा लागतो. साधा उभा माणूस. लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. मला मात्र तिथे दुसराच माणूस आठवला. लंडनच्या ॲबी रोडचा ध्वनिमुद्रण स्टुडिओ १९३१ च्या नोव्हेंबरात याच एल्गारनी उघडला. स्टुडिओ ईएमआय कंपनीचा. त्याच कंपनीतल्या ॲलन ब्लुमलाइन नावाच्या इंजिनिअरनं पुढच्याच महिन्यात स्टिरिओ आवाजाच्या पेटंटचा अर्ज केला. आज कानात गाणं डावीकडून आणि उजवीकडून वेगळं ऐकू येतं ते त्या कागदांमुळे. हे ब्लुमलाइन पुढे रडारकडे वळले आणि या गावाशी त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं. ते कसं, ते पुढे येतंच.

मॉल्व्हर्न कॉलेज गावाच्या दक्षिण अंगाला आहे. कॉलेज म्हणजे मुलांची निवासी शाळा. दगडी इमारत, उंच खिडक्या, समोर उतारावर एकाखाली एक मैदानं, आणि त्यापलीकडे सेव्हर्न नदीचं सपाट खोरं नजर पोचेल तिथवर. सरकारनं ही शाळा युद्धात दोनदा ताब्यात घेतली. दुसऱ्यांदा टीआरईसाठी घेतली तेव्हा मुलं आणि मास्तर हॅरो शाळेच्या आश्रयाला गेले ते १९४६ पर्यंत. शाळा आजही चालू असल्यामुळे आत सहज शिरता येत नाही, रस्त्यावरून बघायचं. बघण्यासारखं म्हणाल तर क्रिकेटची खेळपट्टी आणि गवत कापणारं यंत्र. युद्धाच्या शेवटी साडेतीन हजारांच्या आसपास माणसं या संस्थेत काम करत होती. शास्त्रज्ञ त्यातले थोडे. बाकीचे फिटर, वायरमन, ड्राफ्ट्समन, टायपिस्ट, मोजमापं घेणाऱ्या मुली, सोल्डरिंग करणारे. त्यांना राहायला जागा म्हणून गावातल्या घरांमधल्या खोल्या सक्तीनं घेतल्या. हे लोक आत करतात काय, हे विचारायची सोय नव्हती.

त्यातलं एक काम म्हणजे एचटूएस. बाँबफेकी विमानाच्या पोटाखाली फिरती थाळी, तिच्यावर पारदर्शक घुमट, आणि आत नेव्हिगेटरसमोर गोल पडदा. दहा सेंटिमीटरची लहर खाली जमिनीवर पडते. पाणी सपाट असतं. ते लहर पुढे परावर्तित करून टाकतं, परत काहीच येत नाही, म्हणून नदी आणि समुद्र पडद्यावर काळे. शेतं, माळ यांतून थोडं परत येतं, ते करडं. गावात भिंती जमिनीला काटकोनात उभ्या असतात, त्यांच्यावर आपटलेली लहर थेट माघारी फिरते, म्हणून गाव लख्ख. ढग असो, रात्र असो, दिवे मालवलेले असोत, गाव स्वतःला लपवू शकत नाही.

हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. जहाज रात्री मुंबईच्या तोंडाशी आलं की पडद्यावर अगदी हेच दिसतं. धक्क्यावरच्या पत्र्याच्या गोदामांची आणि क्रेनची रांग चमकते, न्हाव्याकडची चिखलाची पट्टी मळकट दिसते, खाडी काळीभोर. नव्या पोरांना मी हेच आधी दाखवायचो: दुरुस्ती झाली की नाही ते मीटरवर नंतर बघ, आधी खाडीची कड बघ. कड स्वच्छ असेल तर सेट बरा आहे. कड पुसट झाली की समज, रिसीव्हर म्हातारा झालाय किंवा मॅग्नेट्रॉन दमलाय. कॉलेजच्या कुंपणाबाहेर उभं राहून समोरच्या खोऱ्याकडे बघताना मला वाटलं, इथल्या माणसांनीही आपली कड अशीच कुठल्या तरी नदीवर तपासली असणार.

१९४२ च्या सुरुवातीला या कामाची सूत्रं बर्नार्ड लव्हल यांच्याकडे दिली गेली. वय अठ्ठावीस. त्यांच्यापुढे वाद असा होता की विमानात मॅग्नेट्रॉन बसवायचा की क्लायस्ट्रॉन. मॅग्नेट्रॉन ताकदवान, पण विमान शत्रूच्या मुलखात पडलं तर तो सापडणार. जाड तांब्याचा ठोकळा तो. आत स्फोटकं ठेवून उडवला तरी तुकड्यांवरून कुणीही हुशार माणूस त्याची रचना ओळखेल. क्लायस्ट्रॉन काचेचा, सहज चुरा होणारा, पण अशक्त. हा वाद कागदावर महिनोन्महिने चालला. हवेत मात्र चाचण्या चालूच होत्या. टीआरईची विमानं जवळच्या डेफर्डच्या धावपट्टीवरून उडत.

७ जून १९४२, रविवार. व्ही ९९७७ क्रमांकाचं हॅलिफॅक्स विमान डेफर्डहून एचटूएसचा सेट घेऊन उडालं. आत अकरा माणसं. त्यांत ब्लुमलाइन आणि ईएमआयचे त्यांचे दोन सहकारी. टीआरईचे जेफ्री हेन्सबीही होते. आदल्या नोव्हेंबरात ज्या दोघांनी विमानातून पहिल्यांदा गावाचा प्रतिध्वनी पडद्यावर पाहिला, त्यांतले एक. वाय नदीच्या वळणावर, वेल्श बिकनर गावापाशी, उजव्या पंखावरच्या बाहेरच्या इंजिनानं पेट घेतला. आग विझली नाही. पंख जळाला, विमान उलटं होऊन पडलं. कुणी वाचलं नाही. ब्लुमलाइन अडतिसाचे होते, वाढदिवसाला तीन आठवडे बाकी. बातमी दाबून ठेवली गेली. शत्रूला या माणसाचं मोल कळू नये म्हणून त्यांच्या मृत्यूची जाहीर नोंद व्हायलाही काही वर्षं गेली. मॅग्नेट्रॉन मात्र त्याच जळक्या ढिगातून शोधून परत आणला गेला.

आग का लागली, ते इंजिन उघडल्यावर कळलं. काही तासांपूर्वी इंजिनाची तपासणी झाली होती. व्हॉल्व्हचं अंतर जुळवून झाल्यावर टॅपेटचं लॉकनट पुरतं आवळायचं राहिलं. उडताना नट सैल झाला, अंतर वाढलं, व्हॉल्व्हच्या दांडीवर हिसके बसत राहिले, ती थकून तुटली, आणि इनलेट उघडा राहिल्यामुळे पेटलेलं मिश्रण मागे आलं. एवढंच.

ही हकीकत मी पूर्वी वाचली होती तेव्हा कामावर होतो आणि दोन दिवस प्रत्येक नट दोनदा आवळत होतो. आमच्या कामात लॉकनटाला कुणी विचारत नाही. सर्व्हिस रिपोर्टवर लिहायचं असतं: मॅग्नेट्रॉन बदलला, ट्यूनिंग केलं, पल्ले तपासले, सही. स्कॅनरच्या झाकणाचे बोल्ट कुणी मोजत नाही, गॅस्केट सरळ बसलं का ते कुणी विचारत नाही. आणि पावसाळ्यात पाणी शिरतं ते नेमकं तिथूनच. एकदा एका जहाजावर स्कॅनर उघडला तर आत तांब्याभर पाणी. आधीच्या माणसाने चारपैकी तीनच बोल्ट लावले होते, चौथा कदाचित समुद्रात पडला असेल आणि मास्टवरून खाली उतरून दुसरा आणायचा त्याला कंटाळा आला असेल. त्याला मी शिव्या दिल्या. पण चाळीस फुटांवर, वाऱ्यात, एका हाताने शिडी धरून तो बोल्ट लावताना काय वाटतं तेही मला ठाऊक आहे. त्या हॅलिफॅक्सच्या फिटरचं नाव मी कधी शोधलं नाही. शोधावंसं वाटलं नाही. युद्धातला जून महिना, रात्रंदिवस पाळ्या, एका माणसामागे किती इंजिनं, देव जाणे.

भाचीचं मत वेगळं पडलं. ती म्हणाली, "आमच्याकडे औषध देताना दोघींनी वाचायचं असतं. एकीनं देऊन दुसरीनं नुसती सही केली तर नोकरी जाते. तिथे दुसरा माणूस नव्हता का नट बघायला?" तिचं म्हणणं खरं होतं. मी काही बोललो नाही, उताराकडे चालायला लागलो.

अपघातानंतर महिनाही झाला नव्हता, तोच चर्चिल यांनी ३ जुलैच्या बैठकीत दोनशे सेट ऑक्टोबरपर्यंत हवेत म्हणून फर्मावलं. माणसं गेलेली, सेट जळलेला. दोनशे काही झाले नाहीत त्या मुदतीत, पण मॅग्नेट्रॉनचा निर्णय त्याच महिन्यात झाला आणि १९४३ च्या जानेवारीअखेर एचटूएस लावलेली विमानं हॅम्बुर्गवर गेली. लगेच पुढच्या मोहिमेत, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, एक विमान रॉटरडॅमजवळ पडलं आणि ज्याची भीती होती तेच झालं: तांब्याचा ठोकळा जर्मनांच्या हाती लागला. इतक्या महिन्यांच्या वादाचा निकाल दोन मोहिमांत.

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे इथली रविवारची बैठक. संस्थेचे प्रमुख ए. पी. रो यांनी ती स्वॉनिजला असतानाच सुरू केली होती, मॉल्व्हर्नलाही चालू ठेवली. तिला सगळे संडे सोव्हिएट म्हणत. हवाई दलातले वरिष्ठ अधिकारी यायचे, मंत्रालयातले यायचे, आणि त्याच टेबलाशी प्रत्यक्ष सेट चालवणारा खालच्या हुद्द्याचा माणूसही बसायचा. काय चालतंय, काय चालत नाही, तोंडावर बोलायचं. लष्करी शिस्तीच्या देशात, युद्धाच्या मध्यावर! आमच्या उमेदवारीच्या काळात एका जहाजावर मुख्य अधिकाऱ्याला मी सांगायला गेलो होतो की रडारची केबल बॉयलरच्या धुराड्याजवळून नेली आहे, ती जळणार. त्यानं मला टूलबॅग घेऊन खाली उतरायला सांगितलं होतं. केबल जळली. नंतर बिल मात्र आम्हीच काढलं, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नाही.

खाली उतरताना भाचीनं तो प्रश्न काढला, जो मी पत्रक उघडल्यापासून टाळत होतो. हॅम्बुर्गचं पुढे काय झालं? मी तिला सांगितलं. १९४३ चा जुलै. एल्ब नदीचं पात्र आणि गोद्यांचे फाटे पडद्यावर काळ्या बोटांसारखे स्पष्ट दिसत, एचटूएसला याहून सोपं शहर नाही. त्यात २४ जुलैच्या रात्री पहिल्यांदा विंडो वापरली गेली. जर्मन रडारच्या लहरीच्या निम्म्या लांबीच्या ॲल्युमिनियम चढवलेल्या कागदी पट्ट्या, गठ्ठेच्या गठ्ठे विमानांतून सोडलेल्या. प्रत्येक गठ्ठा रडारवर विमान असल्यासारखा दिसायचा. त्या पट्ट्यांवर मुख्य काम केलं जोन करन यांनी, टीआरई अजून किनाऱ्यावर असतानाच. केंब्रिजमध्ये पदार्थविज्ञान शिकलेल्या, पण तेव्हा तिथे बायकांना पदवी देत नसत. त्या रात्री ७९१ विमानं गेली, १२ परत आली नाहीत. एरवीच्या मानाने फारच कमी. तीन रात्रींनंतर शहरात आगीचं वादळ उठलं. त्या मोहिमेत सुमारे ३५ ते ४० हजार माणसं मेली, बहुतेक घरांत आणि तळघरांत.

"म्हणजे ह्या शाळेत बसून..." असं म्हणून ती थांबली.

होय, ह्याच शाळेत बसून. पण त्याच शाळेतला तोच मॅग्नेट्रॉन किनारा राखणाऱ्या विमानांतही गेला. हवाई दलाच्या दोन विभागांत या सेटसाठी भांडण होतं. बाँबफेकी विमानांना आधी की समुद्रावर गस्त घालणाऱ्यांना आधी. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्या रात्री वर येऊन बॅटऱ्या भरायच्या. त्यांच्याजवळ जुन्या, दीड मीटरच्या रडारची चाहूल देणारं यंत्र होतं, दहा सेंटिमीटरचं त्याला ऐकूच येत नव्हतं. १९४३ च्या मार्चपासून ही विमानं निघाली, आणि एकट्या मे महिन्यात चाळीसवर पाणबुड्या गेल्या. कारण एवढंच एक नव्हतं, काफिल्यांबरोबरची जहाजं, विमानवाहू नौका, फुटलेली गुप्त लिपी, सगळं मिळून. पण दहा सेंटिमीटर त्यात होतंच.

आता ही आकडेवारी मी अलिप्तपणे सांगू शकत नाही. आमचा मूळ गाव रत्नागिरीकडचा. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो हिंदी खलाशी असत. मुंबईहून भरती होणाऱ्यांत आमच्या किनाऱ्यावरचे लोक पुष्कळ, त्यातही कोकणी मुसलमान. डेकवर, भट्टीवर, सलूनमध्ये. त्या युद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मेले, बरेचसे टॉर्पेडो लागून भट्टीच्या खोलीत. खाडीकाठच्या वाड्यांमध्ये माझ्या लहानपणी अशा म्हाताऱ्या होत्या, ज्यांचा माणूस "बोटीवर गेला तो गेला" एवढंच कळलं होतं. जे १९४३ नंतर सुखरूप परत आले, त्यांच्यातल्या काहींना तरी या गावातल्या सोल्डरिंगवाल्यांनी घरी धाडलं.

भाची म्हणाली, हे वजाबाकीसारखं नको मांडू. मी म्हटलं, मांडत नाही, दोन्ही सांगतोय. पडद्याला हॅम्बुर्गची भिंत आणि पाणबुडीचा मनोरा यांत फरक कळत नाही. फरक कोणत्या विमानात सेट बसवायचा ते ठरवणाऱ्याला कळायला हवा होता, आणि तो माणूस मॉल्व्हर्नमध्ये नव्हता. यावर तिचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही. पण रडारचा माणूस म्हणून मी इथवरच येऊ शकतो.

युद्ध संपलं तशी इथली माणसं पांगली आणि पांगताना हातातली कला घेऊन गेली. लव्हल यांनी लष्कराचे रडार ट्रेलर मागून घेतले. मँचेस्टरात ट्रामच्या विजेचा फार गोंगाट म्हणून १९४५ च्या डिसेंबरात ते विद्यापीठाच्या जॉड्रेल बँक नावाच्या शेतजमिनीवर नेऊन उभे केले, आणि तिथे पुढे जगातली एक मोठी रेडिओ दुर्बीण झाली. टीआरईतलेच मार्टिन राइल केंब्रिजला गेले, आकाशातले रेडिओस्रोत मोजू लागले आणि त्यांच्या मोजणीवरून फ्रेड हॉईल यांच्याशी त्यांचं वाजलं. हॉईल यांच्या बाजूने उत्तर तयार करणाऱ्यांत त्यांचे तरुण विद्यार्थी जयंत नारळीकर होते. सिडनीतही युद्धात रडार करणारे लोक असेच आकाशाकडे वळले होते. त्यांच्याकडे शिकून आलेल्या गोविंद स्वरूप यांनी तिथल्या वापरात नसलेल्या बत्तीस छोट्या थाळ्या भारतात आणवल्या आणि १९६५ मध्ये कल्याणला मांडून सूर्य बघायला सुरुवात केली. कल्याणला! मी कित्येक वर्षं त्या स्टेशनवर गाडी बदलली, मला कुणी सांगितलं नाही.

फेरीचा शेवटचा टप्पा सेंट अँड्र्यूज रोडवर. इथे नौदलाची प्रशिक्षण छावणी होती. १९४६ मध्ये शाळा मुलांना परत देताना प्रयोगशाळा इकडे सरकली. नंतर तिची नावं इतक्यांदा बदलली की पत्रकवाल्यानंही हात टेकले होते. आता कुंपण, फाटक, आत खासगी कंपनी, आणि जुन्या जागेतल्या काही भागावर नवी विटांची घरं, समोर कचऱ्याचे रंगीत डबे. बघण्यासारखं काही नाही असं भाचीला वाटलं. मला मात्र माझ्या नोकरीची शेवटची वर्षं तिथेच भेटली. १९७० च्या सुमारास इथल्या लोकांना पिक्चर ट्यूबच्या जागी काहीतरी चपटं हवं होतं. हल विद्यापीठातल्या जॉर्ज ग्रे यांनी साध्या तापमानाला टिकणारे द्रवस्फटिक बनवले, इथल्या शास्त्रज्ञांनी ते तपासून, त्यांची मिश्रणं करून कामाचे केले. घड्याळं, कॅल्क्युलेटर, आणि मग हळूहळू सगळे पडदे. जहाजांवरच्या रडारच्या जाड काचेच्या ट्यूबा मी ज्या प्रेमानं साफ करायचो, त्या एकेक करून निघाल्या आणि सपाट पॅनल आले. कित्येक नव्या सेटमध्ये तर आता मॅग्नेट्रॉनही नसतो, ट्रान्झिस्टर असतात. बटण दाबलं की लगेच चालू, तापत ठेवायची भानगड नाही.

"मग जुने गेले कुठे?" तिनं विचारलं.

दारुखान्यात. रे रोडच्या त्या भंगार बाजारात अजून मिळतात. चुंबक काढून घेतात, तो वेगळा विकला जातो. ठोकळा तराजूत टाकतात, तांब्याच्या भावानं.